शोलाकिळी ओळखायची कशी? ढगांच्या रानातल्या निळ्या पक्ष्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

शोलाच्या रानात पहिल्यांदा जाऊन आलेल्या माणसाच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: ‘लहान निळा पक्षी, ओढ्याकाठी, नीट दिसला नाही.’ माझ्या जुन्या वहीत अशा चार ओळी आहेत. त्यातल्या दोन नंतर सुटल्या, कारण शेजारी ‘जमिनीवर टुणटुण उड्या मारत होता’ असं खरडलेलं होतं. उरलेल्या दोन कायमच्या गेल्या. वेळ लिहिली होती, धुकं किती होतं तेही लिहिलं होतं. पक्षी जमिनीपासून किती उंचावर बसला होता आणि त्याच्या कुशीचा, म्हणजे पंखाखालच्या बाजूचा, रंग कोणता, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं.

पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, उंच डोंगरांवरच्या ढगांच्या रानात, शोलाकिळी राहते. चिमणीएवढी, पायाने उंच, शेपटीने आखूड आणि गळ्याने गोड. जगात दुसरीकडे कुठेही ती नाही. ती दुर्मीळ आहे म्हणून ओळखायला अवघड जाते असं नाही. योग्य शोलात ती रोज पहाटे गाते. अडचण अशी की आपण तिच्या निळ्या रंगामागे लागतो आणि त्या रानात निळ्या रंगाचा काही भरवसा नाही. म्हणून इथे रंग मागे ठेवला आहे. आधी डोंगर, मग जमिनीपासूनची उंची, मग चाल, मग कूस, या क्रमाने गेलं की ही ओळख जवळजवळ नेहमी पक्की होते.

आधी हे रान कसं असतं ते

तमिळमध्ये ‘सोलै’ म्हणजे झाडांची दाट राई. त्यावरूनच शोला. साधारण १४०० ते १५०० मीटरच्या वर डोंगरमाथ्यावर लांबच लांब गवताळ कुरणं आणि त्यांच्या घड्यांमध्ये, जिथून पाणी वाहतं तिथे, गडद हिरव्या रानाचे तुकडे. कुरणावर हिवाळ्यात दहिवर गोठतं आणि झाडांची रोपं मरतात. घडीतल्या ओलाव्यात आणि आडोशात ती तगतात. झाडं बुटकी, खोडं वाकडी, फांद्यांवर शेवाळाची जाड गोधडी, त्यावर आमरी आणि नेचे. खाली आपल्या कारवीच्या कुळातली झुडपं इतकी दाट असतात की चार पावलांपलीकडचं दिसत नाही. दर बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी याच कुळातली, फक्त ती बाहेर कुरणावर फुलते.

ढग इथे वरून जात नाहीत, रानातून जातात. पाऊस नसतानाही पानांवरून थेंब टपकत असतात. ऐन दुपारीसुद्धा आत संध्याकाळसारखा उजेड. पक्ष्याच्या पिसांतला निळा रंग बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड विखुरतो तेव्हा तो दिसतो. उजेडच नसेल तर तोच पक्षी राखाडी दिसतो, काळपट दिसतो, आणि ढग क्षणभर फाटून कवडसा पडला की एकदम नीलमण्यासारखा पेटतो. एकाच सकाळी एकाच शोलाकिळीला तीन रंगांत पाहिलं आहे. म्हणून रंगाची छटा लिहून ठेवा, पण तिच्यावर निकाल देऊ नका.

नावांचा घोळ

जुनी पुस्तकं हाताशी असतील तर हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा पक्षी त्यांत शॉर्टविंग या नावाने सापडेल, त्यानंतरच्या पुस्तकांत ब्लू रॉबिन म्हणून. शोलाकिळीची दोन मुख्य रूपं आहेत, नीलगिरी आणि पांढऱ्या पोटाची; काही पुस्तकांत ही दोन्ही रूपं एकाच जातीत घातलेली आहेत. २०१७ साली जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं की हे पक्षी यांतल्या कोणत्याच कुळाचे नाहीत. त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ म्हणजे शोलात राहणारा अशी नवी प्रजाती मांडली गेली आणि बोलायला शोलाकिळी हे नाव आलं. मल्याळममध्ये किळी म्हणजे पक्षी. मराठीत लिहिताना ‘ळ’च लिहावा, मूळ उच्चार तोच आहे आणि आपल्याकडे ते अक्षर आहे.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट ओळखीच्या कामाची आहे. शोलाकिळीचे जवळचे नातेवाईक म्हणजे निळे माशीमार. ज्यांच्याशी आपण तिची गल्लत करतो, ते तिचे भाऊबंदच निघाले. दिसायला आणि वागायला ती जमिनीवरच्या रॉबिनसारखी झाली आहे, एवढंच.

यात मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक धागाही आहे. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचं शास्त्रीय वर्णन विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६८ साली केलं, ते पलनीच्या डोंगरातून सॅम्युअल फेअरबँक यांनी मिळवलेल्या पक्ष्यांवरून. फेअरबँक हे अमेरिकन मिशनरी. त्यांच्या कामाचा मोठा काळ अहमदनगर भागात गेला. पलनीच्या चिलप्पन (इंग्रजीत लाफिंगथ्रश) पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे.

पहिली पायरी: आपण कोणत्या डोंगरावर उभे आहोत

पक्षी दिसण्याच्याही आधी निम्मी ओळख इथेच होते.

नकाशा उघडून पालघाटची खिंड शोधा. सह्याद्रीची रांग सलग खाली येते आणि कोइमतूरच्या पश्चिमेला अचानक तुटते. सुमारे तीस किलोमीटर रुंदीची ही मोकळी जागा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. कोइमतूरहून केरळात जाणारी रेल्वे हिच्यातूनच जाते, घाट न चढता. आपल्याला हा सोयीचा रस्ता वाटतो. थंड, ओल्या, अंधाऱ्या झुडपांबाहेर पाऊल न टाकणाऱ्या आणि लांब उडणं न जमणाऱ्या पक्ष्याला मात्र हा समुद्र आहे. लाखो वर्षं खिंडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे पक्षी एकमेकांना भेटले नाहीत आणि दोन वेगळ्या जाती झाल्या.

म्हणून खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे नीलगिरी, वायनाड, कोडगू, ब्रह्मगिरी आणि वर बाबाबुदनगिरीपर्यंत, असेल ती नीलगिरी शोलाकिळी. खिंडीच्या दक्षिणेला, म्हणजे अनैमलै, पलनी आणि मुन्नारच्या आसपासच्या उंच डोंगरांत, असेल ती पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. आणखी दक्षिणेला शेनकोट्टईची खिंड आहे. तिच्याही पलीकडे अगस्त्यमलैच्या परिसरात अशंबू शोलाकिळी. या तिसरीला काही पक्षीयाद्या स्वतंत्र जात मानतात, काही पांढऱ्या पोटाचीच उपजात मानतात. पाहताना ती पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीसारखीच दिसते, त्यामुळे तिची ओळख जागेवरूनच करायची.

ऊटी, कुन्नूर, कोटागिरी इथे पाहिलेली शोलाकिळी पांढऱ्या पोटाची असणार नाही आणि कोडैकानलला पाहिलेली नीलगिरी असणार नाही. फोटोखाली उलटं नाव लिहिलेलं दिसलं की आधी जागा विचारावी.

ही युक्ती सगळ्या पक्ष्यांना लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. चिलप्पनांना ती लागू पडते. त्यांच्याही खिंडीगणिक वेगळ्या जाती आहेत. पण नीलगिरी माशीमार किंवा काळा-नारिंगी माशीमार खिंडीच्या दोन्ही बाजूंना त्याच नावाने भेटतात. ‘नीलगिरी’ हा शब्द नावात आहे म्हणून तो पक्षी फक्त नीलगिरीत असतो असं समजून पुष्कळ जण फसतात.

उंचीही लिहा. साधारण हजार-बाराशे मीटरच्या खाली शोलाकिळीची अपेक्षा धरू नये. मोबाइलवर उंची दिसते. पक्षी दिसण्याआधीच ती वहीच्या डोक्यावर लिहून मोकळं व्हावं.

दुसरी पायरी: हत्यारं

फार लागत नाही. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी हवी, दहापट नको. कारण उजेडाचं गणित. भिंगाचा व्यास भागिले पट, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ ला तो सव्वापाच मिलिमीटर येतो, १०×४२ ला ४.२, ८×३२ ला ४. शोलाच्या अंधारात हा फरक डोळ्याला जाणवतो. शिवाय दहापटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि झुडपात पक्षी शोधायला दृश्य अरुंद पडतं. दुर्बीण दोन-तीन मीटरवर फोकस होते का, हे आधी घरी पाहून घ्या. शोलाकिळी पुष्कळदा इतकी जवळ येते की साध्या दुर्बिणीत धूसर दिसते.

भिंगावर वाफ धरते. श्वास खाली सोडायची सवय लावा, आणि दुर्बीण जॅकेटच्या आत उबेला ठेवून एकदम थंडीत काढू नका. सुती कापड खिशात असू द्या. पावसाळ्यात आणि त्यानंतरही जळवा असतात. मोज्यांवरून चढवायचे लांब कापडी जळूमोजे घाला. कपडे मातकट, न सळसळणारे. प्लास्टिकचा रेनकोट पावलागणिक चुरचुरतो आणि तेवढ्यात ऐकू येणारी एक शीळ हातची जाते.

एक इशारा गंभीरपणे घ्या. कोडैकानल, कुन्नूर, कोटागिरी या भागांत शोलाच्या कडेला पहाटे गवे चरत असतात, काही ठिकाणी हत्तीही. धुक्यात दहा मीटरवरचा गवा झुडपासारखा दिसतो. एकट्याने आत शिरू नका, आणि राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय तर नाहीच. शोलाकिळीसाठी आत जावंही लागत नाही. रस्त्याची कड, ओढ्यावरची मोरी, शोलाला लागून असलेली बाग, यांवरून ती दिसते.

तिसरी पायरी: कुठे आणि कधी थांबायचं

फेब्रुवारी ते मे हा काळ सगळ्यात चांगला. विणीची तयारी चालू असते, गाणी भरात असतात, आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस अजून आलेला नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पावसाने पूर्वेकडचे डोंगर भिजतात, तेव्हा पलनीसारख्या भागात पाहणी कठीण होते.

वेळ मात्र पहाटेचीच. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर असावं आणि उजेड झाल्यावर तासभर हलू नये. दुसरी संधी संध्याकाळी, अंधार पडायच्या आधीची वीस मिनिटं. या दोन वेळी ती गाते आणि उघड्यावरही येते.

जागा निवडताना वर बघू नका, खाली बघा. ओढ्याचा ओलसर काठ, शेवाळलेली पडकी खोडं, नेच्यांची दाटी, पालापाचोळ्याचा जाड थर आणि त्यात मधेच पायवाटेची मोकळी पट्टी. ती पट्टी महत्त्वाची. पक्षी झुडपात असतो तेव्हा काहीच दिसत नाही. तो पट्टी ओलांडतो तेव्हा दोन-तीन सेकंद मिळतात. पट्टीपासून आठ-दहा मीटरवर, पाठीमागे झुडूप येईल असं बसा. उभं राहू नका. शोलाकिळीचं सगळं जग गुडघ्याच्या खाली आहे. आपला डोळा जितका खाली येईल तितकं ते उघडतं.

निलगिरीची झाडं, पाइन आणि बाभळीच्या कुळातलं वॅटल यांच्या लागवडीत वेळ घालवू नका. लांबून हिरवं दिसतं, पण खाली ओली झुडपं नसतील तर तिथे तिचं काही नाही. या लागवडी आणि चहाचे मळे यांनीच तिचं मूळ रान तुकड्यातुकड्यांत उरलं आहे.

चौथी पायरी: पक्षी दिसला, आता काय पाहायचं

तीन सेकंद मिळतील असं धरून चाला. त्या तीन सेकंदांत काय पाहायचं, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

पहिली नजर जागेवर. जमिनीवर, मुळीवर, दगडावर किंवा गुडघ्याएवढ्या उंचीच्या काटकीवर असेल तर शोलाकिळीची शक्यता मोठी. डोक्याच्या वर, मोकळ्या फांदीवर असेल तर जवळजवळ नाहीच. तिथेच माशीमाराकडे वळावं.

दुसरी नजर चालीवर. शोलाकिळी उड्या मारते. दोन उड्या, थांबा. मान जरा वर, शेपटीचा हलका झटका, पान उलटवून बघते, पुन्हा दोन उड्या. माशीमार बसतो, हवेत झेपावतो, किडा टिपतो आणि पुन्हा फांदीवर येऊन बसतो.

तिसरी नजर, आणि खरी नजर, पंखाच्या खालच्या कडेला, कुशीवर. पाठ, छाती आणि गळा दोन्ही जातींत सारखाच, पाटीसारखा गडद निळा-करडा. त्यात वेळ घालवायचा नाही. नीलगिरी शोलाकिळीच्या कुशी आणि शेपटीखालचा भाग तांबूस असतो, विटेच्या भुकटीसारखा, आणि पोटाच्या मधोमध फिकट पांढरा पट्टा. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीत हा तांबूस रंग अजिबात नाही. तिच्या कुशी छातीच्याच निळ्या-करड्या रंगाच्या, आणि पोट पांढरं. एवढा एक भाग स्पष्ट दिसला की जागेवरून काढलेल्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला.

चौथी नजर चेहऱ्यावर, वेळ उरला तर. चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळं, आणि त्यावर फिकट भुवई. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीत ही भुवई सहसा जास्त उठून दिसते. पण ओल्या पिसांत आणि अंधुक उजेडात ती पुसटही होते. भुवईवरून जात ठरवू नका. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे तो प्रश्न तिथेच सोडून द्या. अंगभर फिकट ठिपके असलेला पक्षी दिसला तर पिल्लू असू शकेल; शेजारी मोठा पक्षी येतो का, याची वाट बघा.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगतो. कोटागिरीजवळच्या एका शोलाच्या कडेला, मार्चमधली पहाट. मोरीवर बसून चाळीस मिनिटं झाली होती आणि दिसत होता फक्त ओढ्यावरचा ढग. मग डाव्या हाताला पाचोळ्यात एक पान उलटलं. वारा नव्हता, तरी उलटलं. मी दुर्बीण वर केली नाही; आधी नुसत्या डोळ्यांनी त्या पानाकडे बघत राहिलो. शेजारचं पान हललं. मुळीच्या आडून एक काळपट गोळा बाहेर आला, दोन उड्या, थांबला. आता दुर्बीण. काळाच दिसत होता. तो आडवा वळला तेव्हा पंखाखाली तांबूस रंगाचा एक डाग दिसला, मातीत लोळून आल्यासारखा, आणि मधोमध पांढरं. नीलगिरी शोलाकिळी. निळा रंग त्या सकाळी मला एकदाही दिसला नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

त्या अनुभवातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पानं बघणं. शोलात पक्षी शोधू नका, हलणारी पानं शोधा. पाचोळ्यात सलग खसफस येत असेल तर उंदीर-खारीसारखा प्राणी किंवा सातभाईच्या कुळातले पक्षी. एक पान, मग शांतता, मग जरा पुढे दुसरं पान, असं असेल तर शोलाकिळी.

पाचवी पायरी: कोणाशी गल्लत होते

सगळ्यात जास्त फसवतो तो हिमालयातून येणारा पाहुणा, इंडियन ब्लू रॉबिन. उन्हाळ्यात तो हिमालयात वीण घालतो आणि हिवाळा घालवायला पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत येतो. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल तो शोलाकिळीच्याच झुडपात, त्याच पाचोळ्यात, तशाच उड्या मारत फिरतो. नराची पाठ निळी, ठळक पांढरी भुवई, आणि गळ्यापासून छातीपर्यंत नारिंगी-तांबूस. गोम इथे आहे: त्याचा तांबूस रंग गळ्यापासून सुरू होतो. नीलगिरी शोलाकिळीचा गळा आणि छाती निळी, तांबूस फक्त कुशीला आणि मागे. म्हणून वहीत ‘खाली तांबूस’ एवढंच लिहून चालत नाही. तांबूस कुठून सुरू होतो ते लिहायचं. त्याचे पाय फिकट गुलाबी असतात आणि शेपटी थरथरत राहते. मादी पिंगट-हिरवट, निळा रंग नाहीच. मे-जूनमध्ये तो इथे नसतो, तेव्हा हा प्रश्नच मिटतो.

दुसरा नावामुळे फसवतो: पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. पश्चिम घाटातच राहणारा, गोव्याच्या रानातही भेटणारा. नराची पाठ आणि छाती निळी, पोट पांढरं. वर्णन कागदावर वाचलं तर पांढऱ्या पोटाची शोलाकिळीच वाटावी. आणि हा माशीमारही दाट झुडपात, फार उंच नसलेल्या फांदीवर बसतो, म्हणून उंचीची कसोटी इथे थोडी लंगडी पडते. इथे चाल बघा. तो फांदीवर बसून राहतो आणि किड्यासाठी झेप घेतो. पाचोळ्यात उड्या मारत जात नाही. त्याचा निळा रंग जास्त गडद आणि चकचकीत, अंगाची ठेवण लांबट. जोडीने असतील तर मादी लगेच सांगते, कारण तिचा गळा आणि छाती नारिंगी असते, आणि शोलाकिळीत तसा पक्षी नाही. शिवाय हा सखल भागातल्या सदाहरित रानातला पक्षी. खूप उंच शोलात तो विरळ होत जातो.

नीलगिरी माशीमार उंच शोलात मुबलक आहे आणि मुख्यतः घाईत फसवतो. तो पूर्ण निळा, मोकळ्या फांदीवर ताठ बसणारा, पुष्कळदा डोक्याच्या वर. उडताना शेपटीच्या बुडाशी दोन पांढरे डाग चमकतात. ते दिसले की विषय संपला.

काळा-नारिंगी माशीमार खालच्या झुडपातच असतो, पण अंग झगझगीत नारिंगी आणि नराचं डोकं-पंख काळे, त्यामुळे नुसत्या सावलीतच गल्लत होते. टिकेलचा निळा माशीमार खालच्या कोरड्या रानात, छाती नारिंगी. मलबार शीळकरी कस्तूर आपल्या सह्याद्रीतला ओळखीचा. तो बराच मोठा आहे, पण धुक्यात आकार चुकतो, म्हणून शेजारच्या पानाशी, दगडाशी तुलना करून आकार लिहा. शोलाकिळी चिमणीएवढी, दयाळपेक्षा लहान, हे माप मनात असू द्या.

सहावी पायरी: कान

शोलात दिवसभरात जितक्या शोलाकिळी दिसतील, त्याच्या किती तरी पट जास्त ऐकू येतील. गाणं लांब, बारीक, उंच स्वरांच्या शिळांचं. त्यात मधेच घोगरे, खरखरते तुकडे. दयाळाच्या गाण्याशी ओळख असेल तर पहिल्यांदा तसंच काहीसं वाटेल, पण आवाज जमिनीलगतून येतो. ही खूण फार मोलाची: गाणं वरून येतंय की खालून? डोळे मिटून, मान हळूहळू वळवत ऐका. कानाला डावं-उजवं चांगलं कळतं, वर-खाली कमी कळतं. म्हणून मान एका बाजूला झुकवून ऐकलं की उंचीचा अंदाज येतो.

गाणं तोंडपाठ करून जाण्यात मात्र एक धोका आहे. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीच्या गाण्यांवर संशोधकांनी काम केलं, तेव्हा डोंगराडोंगरांतल्या पक्ष्यांच्या गाण्यांत फरक आढळला. एका ठिकाणचं ध्वनिमुद्रण ऐकून दुसऱ्या डोंगरावर गेलात तर गाणं तंतोतंत जुळेल असं नाही. सूर नाही, घाट ओळखायला शिका: बारीक शिळा, त्यांत खरखर, आणि तीही जमिनीलगत.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण जरूर करा. मोबाइल दगडावर ठेवा, हातात धरू नका, आणि शेवटी हळू आवाजात तारीख, वेळ, जागा आणि उंची बोला. मर्लिनसारखं अ‍ॅप नाव सुचवतं, ते सूचना म्हणून घ्या. ओढ्याचा खळखळाट आणि पानांवरून टपकणारं पाणी यांमुळे अ‍ॅप चुकतं, आणि खिंडीच्या चुकीच्या बाजूची जात सुचवली तर ते आपल्याला कळलं पाहिजे.

सातवी पायरी: आधी वही, मग पुस्तक

पक्षी दिसेनासा झाला की लगेच पुस्तक उघडायचा मोह होतो. उघडू नका. चित्र पाहिलं की आठवण चित्रासारखी होते. न दिसलेली भुवईसुद्धा ‘दिसली होती’ असं वाटायला लागतं. आधी वहीत अंड्याचा आकार काढा, त्याला डोकं आणि शेपटी जोडा, आणि जे भाग खरोखर दिसले तेवढ्यांवरच रंग लिहा. न दिसलेल्या भागावर फुली. ही फुली लाजेची नाही. पुढे सगळ्यात जास्त कामाला तीच येते.

फोटो मिळाला तर उत्तम, पण फ्लॅश मारू नका. उजेड वाढवण्यापेक्षा आयएसओ वाढवा. फोटोत दाणे आले तरी कुशीचा रंग कळतो. पांढऱ्या समतोलाचा (व्हाइट बॅलन्सचा) घोळ टाळायला रॉ प्रतीत साठवा, नाहीतर धुक्यातला फोटो कॅमेरा स्वतःच निळसर करून ठेवतो आणि करड्या पक्ष्यालाही निळा ठरवतो.

जवळ कसं जायचं नाही

ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी बोलावणं ही इथे सर्रास चाललेली गोष्ट आहे, आणि मला ती मान्य नाही. शोलाकिळीचा इलाखा लहान असतो, रानाचा तुकडाही लहान असतो, आणि त्या एका तुकड्यावर आठवड्यात दहा गट येत असतील तर त्या नराचा दिवस अदृश्य शत्रूशी भांडण्यात जातो. विणीच्या काळात, म्हणजे मुख्यतः एप्रिल ते जून, तर अजिबात वाजवू नका. घरटं शेवाळाचं, ओढ्याच्या दरडीतल्या किंवा खोडातल्या पोकळीत, फार उंच नाही, आणि अंडी सहसा दोनच. पायवाट सोडून दरडीवर चढणारा एक बूट पुरेसा होतो.

चोचीत किडे घेऊन पक्षी एकाच जागी अडून राहिला, खाली उतरेना, सारखा खरखरीत आवाज काढू लागला, तर आपण घरट्याच्या आणि त्याच्या मध्ये उभे आहोत. आल्या वाटेने मागे या, वीस पावलं तरी. घरट्याचा फोटो काढू नका आणि त्याची जागा कुठेही टाकू नका.

ईबर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जात ठरली नसेल तर सरळ ‘शोलाकिळी, जात अनिश्चित’ किंवा ‘माशीमार, जात अनिश्चित’ असं लिहा. टिपणात डोंगराचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, पक्षी जमिनीपासून किती वर होता, चाल कशी होती आणि कुशीचा रंग दिसला की नाही, या पाच गोष्टी द्या. नंतर कोणी तपासणारा आला तर त्याला तेवढ्यावरून काही ठरवता येईल.